दमाचा हिशेब

रविवारी सकाळी अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालेली गाडी बोरगाव, काटेपूर्णा मागे टाकत मूर्तिजापूरला थांबते. फलाटावर चहावाला येतो, कुणी केळी घेतं, कुणी खाली उतरून पाय मोकळे करतं. खिडकीशी बसलेली एक संगीतशिक्षिका दर वेळी स्टेशनच्या पाटीकडे एकदा बघून घेते. वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी या गावात जन्मले. जठारपेठेतल्या घरून सहा वाजता निघायचं, बडनेऱ्याला उतरून ऑटोनं अमरावती गाठायची, बुधवाऱ्यातल्या एका जुन्या घरात दोन तास बसायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं, असा तिचा तीन वर्षांचा क्रम. विशारद होऊन दहा वर्षं उलटल्यावर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती तिथे सा लावायला शिकत होती.

तिची गोष्ट कुठल्याही शाळेतल्या संगीताच्या बाईंची असू शकते. दिवसाला सहा तास, एका वर्गात साठ मुलं, खिडक्या उघड्या, बाहेर मैदान. पेटी वाजवायची, गायचं आणि मागच्या बाकावरच्या दोघांना गाता गाताच दटावायचं. सोमवारी आवाज बरा असे. गुरुवारी तो चरचरायला लागे, शनिवारी वरचा गंधार फाटे. रविवारी विश्रांती, सोमवारी पुन्हा तेच. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर-मिरे झाले, हळदीचं दूध झालं. पुढे तर सोमवारीही आवाज सुटेना. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेली, तेव्हा डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर तिचेच स्वरतंतू तिला दाखवले. दोन्हींच्या कडांवर, समोरासमोर, कणीएवढ्या दोन गाठी होत्या. सतत घासून हाताला घट्टे पडतात, तसे.

हे घासणं किती असतं, याचा हिशेब तिनं त्याच रात्री वहीत मांडला. काळी चारचा षड्ज लावला की बाईच्या गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर येतात. एका तासात वीस मिनिटं आवाज निघत असला, तरी अडीच लाख वेळा. असे सहा तास म्हणजे पंधरा लाख. आणि ती तर काळी पाचला गात होती. तिथे सेकंदाला २३३.

डॉक्टरांनी दोन आठवडे मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कारण दाबून कुजबुजताना गळा आवळलाच जातो. ज्येष्ठमधाचं विचारलं, तर ते हसले. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. त्यांना थेट लागलं तर माणसाला ठसका लागतो. पाणी भरपूर प्या, वाफ घ्या आणि आवाज काढायची सवय बदला, एवढंच त्यांचं म्हणणं. सवय कोण बदलून देणार, हा प्रश्न त्यांच्या चिठ्ठीत बसणारा नव्हता.

त्या मौनात माणसं तिला धीर म्हणून आवाज गेलेल्या गवयांच्या गोष्टी सांगत. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन गेला. परतला तो बदललेला होता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी त्यांनी उभी केली. किशोरीताई आमोणकरांचाही आवाज तरुणपणी गेला होता आणि परत आला. गोष्टी खऱ्या, पण शाळेत सहा तास घेणाऱ्या बाईला त्यांतून करण्याजोगं काही मिळत नाही. घराणं काढायला तिच्याकडे सुट्टी शिल्लक नव्हती.

वऱ्हाडात आवाजाची पारख लांबून होते, हेही इथं सांगायला हवं. अंजनगाव-सुर्जीकडच्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा नदीच्या वाळवंटात, बाजाराच्या पटांगणात कीर्तन उभं करत. यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन धरत आणि माणसं दूरवर बसून ऐकत. गावोगावच्या भजनी मंडळांनी तोच मोकळा, रानात पोचणारा आवाज उचलला. तिचे वडीलही अशाच एका मंडळात टाळ धरायचे. आठव्या वर्षी ती पहिल्यांदा भजन म्हणाली, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, ‘काय खणखणीत आवाज आहे पोट्टीचा!’ त्या एका वाक्यावर ती पुढची पंचवीस वर्षं गात राहिली. त्यात भजनाचा काही दोष नाही. उघड्या रानातला आवाज चार भिंतींच्या वर्गात, रोज सहा तास, तोही ख्यालाच्या नावाखाली वापरला, ही चूक तिची आणि तिला शिकवणाऱ्यांचीही.

भाषाही या चुकीला हातभार लावते. ‘पोटातून गा’ असं प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. मराठी मुलाला पोटातून आवाज काढणं म्हणजे काय, ते आधीपासून ठाऊक असतं : बेंबीच्या देठापासून ओरडणं. त्यामुळे सर ‘पोटातून’ म्हणाले की मूल पोट घट्ट करतं, मान ताणतं आणि किंचाळतं. तिच्याही वर्गात हेच होत होतं, आणि ‘पोटातून गा’ हे सांगणारी तीच होती.

अमरावतीचे गुरुजी ऐंशीच्या घरातले. हयात कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करून संध्याकाळी गाणं शिकवलेलं. रुईच्या धुळीत तीस वर्षं काढूनही त्यांचा आवाज स्वच्छ, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही. पहिल्या दिवशी त्यांनी तिला यमनची चार आवर्तनं गाऊ दिली. मग तंबोरा भिंतीला टेकवला.

‘काऊन वो बाई, सूर कायले ढकलून राह्यली? थो काय बंद पडलेली जीप आहे?’

पुढचे दोन महिने राग नाही, बंदिश नाही, पेटी नाही. चटईवर उताणं झोपायचं, पोटावर पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या ठेवायचा आणि श्वास घ्यायचा. श्वास आत गेला की तांब्या वर, बाहेर गेला की खाली. पहिल्याच दिवशी तांब्या आडवा झाला आणि साडी भिजली. तिला कळेना की झोपेत जे पोट आपसूक हलतं, ते गाण्याचं नाव काढलं की दगड का होतं. मग तसंच पडून तोंडानं ‘स्स्स’ असा बारीक आवाज करत हवा सोडायची, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात अकरा सेकंद. अकराव्या सेकंदाला छाती बसायची आणि शेवटची हवा भसकन निघून जायची.

‘पयल्या तारखेलेच सारा पगार उडवते तू,’ गुरुजी म्हणाले. ‘मंग वीस तारखेपासून उधारी. थे उधारी गळा भरून राह्यला.’

यामागचं शास्त्र तिला तिच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत कागदावर काढून दाखवलं, आणि ते गुरुजींच्या पगाराशी तंतोतंत जुळत होतं. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. त्यांच्या खाली घुमटासारखं श्वासपटल असतं. ते आकुंचन पावलं की खाली सपाट होतं, बरगड्या बाहेर उघडतात, पोटातले अवयव पुढे सरकतात आणि हवा आत येते. पोट पुढे येतं ते यामुळे. पोटात हवा जात नाही. खरी मेख पुढे आहे. पूर्ण ताणलेलं फुप्फुस फुगलेल्या फुग्यासारखं असतं. सोडलं की हवा आपणहून, जोरात बाहेर धावते. बोलताना हे चालून जातं. गाताना पहिल्याच क्षणी एवढा लोंढा स्वरतंतूंवर आदळला तर त्याला अडवायला गळ्याला मूठ आवळावी लागते. श्वास घेणारे स्नायूच श्वास सोडताना थोडा वेळ तसेच ताणलेले राहिले, बरगड्या एकदम मिटल्या नाहीत, तर लोंढ्याची धार होते आणि गळ्यावरचं काम उतरतं. इटालियन गायकांची परंपरा याला ‘आप्पोज्जो’ म्हणते, म्हणजे टेकणं, रेलणं. आपल्याकडे दमसास हा शब्द आहे, पण तो बहुतेक वेळा दम किती लांबला एवढ्याचंच माप सांगतो.

म्हणजे ‘गळा सैल सोड’ असं नुसतं सांगून काही होत नाही. खाली कुणी लोंढा धरत नसेल तर गळा सैल होऊच शकत नाही. सैल झाला तर सूर फुटतो. तिला दहा वर्षांत किमान चार जणांनी गळा सैल सोडायला सांगितलं होतं.

गळ्याच्या आत पहिल्यांदा नीट डोकावून पाहणाराही गायनशिक्षकच होता. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून स्वतःच्या गाणाऱ्या स्वरतंतूंचं निरीक्षण केलं आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. घशाच्या डॉक्टरांचं सारं शास्त्र पुढे त्या आरशावर वाढलं. मराठीत या वाटेनं गेले ते प्रा. बी. आर. देवधर. मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढणारे. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या देवधरांनी आवाजाच्या साधनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तिनं विशारदच्या लेखी पेपरासाठी आवाजाच्या जोपासनेवर एक टिपण पाठ केलं होतं. त्यावर गुण मिळाले, गाठीही आल्या.

तिसऱ्या महिन्यात खर्ज सुरू झाला. मे महिना होता. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, रात्रीही भिंती तापलेल्या. पहाटे साडेचारला उठून मंद्र षड्ज लावायचा, तर खोलीत कूलर. आता कूलरलाही स्वतःचा एक सूर असतो, आणि तो कुणाच्या काळी चारशी जुळत नाही. मोबाइलवरचा तानपुरा एकीकडे ओढतो, कूलर दुसरीकडे. बंद करावा तर नवरा आणि मुलगा घामाघूम होऊन उठतात. शेवटी ती गच्चीवर गेली. शेजारच्या आजींनी दोन दिवसांनी विचारलं, ‘काय वो, घरी कोणी आजारी आहे काय? पाह्यटे कोणी कन्हते.’

कन्हण्याची तुलना खरं म्हणजे फार चुकीची नव्हती. गुरुजींनी पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली होती, आवाज तोंड मिटून ‘म’कारात काढायला सांगितला होता, आणि तोही एवढा हलका की शेजारच्या खोलीत जाऊ नये. ओठ मिटून गुणगुणलं की तोंडातल्या हवेचा थोडा दाब उलटा स्वरतंतूंकडे येतो आणि ते कमी आपटत थरथरतात. हल्ली जगभर आवाजाचे उपचार करणारे रुग्णांना पाण्याच्या नळीतून, म्हणजे साध्या स्ट्रॉमधून आवाज काढायला लावतात, तेही याच कारणानं. गुरुजींना स्ट्रॉ ठाऊक नव्हती. त्यांना त्यांच्या गुरूंनी गुणगुणायला लावलं होतं, म्हणून ते लावत होते.

एवढं करूनही सहा महिन्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात ती तोंडघशी पडली. विलंबित एकताल, बारा मात्रा, मात्रा साधारण चार सेकंदांची. म्हणजे एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास. तिनं ठरवलं, आता दम आलाय, तर मुखड्याआधीचा आलाप एका दमात न्यायचा. पोट पुढे रेटलं, छाती भरभरून हवा घेतली. दहाव्या मात्रेला डोळ्यांपुढे काजवे, अकराव्याला आवाज घसरला, सम तबलजीनं एकट्यानं घेतली. मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

पुढच्या रविवारी गुरुजी रागावले नाहीत. ‘पोट फुगवाले कोणं सांगितलं? पोट अडवू नोको, एवढंच म्हणलं होतं मी. अन् येवढी हवा घेतली कायले? काय पोहाले चालली होती?’

दमाला खालून द्यायच्या या आधाराची हीच गोची आहे. तो शिकवताना पोट दाखवावं लागतं, आणि दाखवलं की शिकणारा पोटानं गायला लागतो. गच्च भरलेली हवा धरून ठेवायलाच इतकी ताकद लागते की ताण पुन्हा गळ्यात चढतो.

यावर गुरुजींनी दिलेला अभ्यास गाण्याचा नव्हता, ऐकण्याचा होता. अमीर खाँसाहेबांचा मारवा लावायचा. सरगम लिहायची नाही, फक्त ते जिथे श्वास घेतील तिथे कागदावर टिंब द्यायचं. खाँसाहेबांचं जन्मगाव म्हणून अनेक नोंदी अकोल्याचं नाव देतात, काही हरियाणातल्या कलानौरचं. अकोल्याची माणसं अर्थातच पहिल्या नोंदींच्या बाजूनं असतात, आणि तीही आहे. वाढले ते इंदूरला, एवढं नक्की. झुमऱ्याच्या चौदा मात्रा, तबला साधा ठेका धरून, आणि आवाज जणू कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसल्यासारखा. तिचं पहिलं पान टिंबांनी भरलं. तिला वाटलं होतं, एवढा मोठा गवई म्हणजे एकेक दम मैलभर लांब. प्रत्यक्षात ते पुष्कळदा थांबत होते. एक वाक्य म्हणायचं, सोडून द्यायचं, तंबोरे ऐकू द्यायचे, मग शांतपणे पुढचं. श्वास संपला म्हणून कुठलंच वाक्य तुटत नव्हतं, कारण वाक्य श्वासाच्या आधी संपत होतं.

मग तोच अभ्यास वसंतराव देशपांड्यांवर. इथे पान कोरं राहिलं. तान कुठून निघते, कुठे वळते, मध्येच वरच्या सप्तकात कशी उडी घेते, या गडबडीत श्वास केव्हा घेतला हे कानाला सापडेचना. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ते तुकड्यांच्या फटीतून हवा उचलतात, ओंजळभरच, चालता चालता. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला, लाहोरला असद अली खाँकडून मारवा घेऊन आलेला हा माणूस चोवीस वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करून गात होता. दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाचं गाणं एवढं बेहिशेबी वाटावं, आणि दमाचा हिशेब मात्र पैचाही चुकू नये! मूर्तिजापूरच्या पाटीकडे बघायची तिची सवय त्या आठवड्यापासूनची.

‘स्स्स’चे घड्याळावरचे सेकंद एव्हाना अठ्ठावीसवर गेले होते आणि ती ते मैत्रिणींना सांगत असे. गुरुजींनी तीही हवा काढून घेतली. कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला देवासला आले ते क्षयानं आजारी होऊन. पाचेक वर्षं गाणं बंद. १९५३ पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या एका फुप्फुसानं जवळजवळ काम सोडलेलं होतं. लांब दम हेच मोठेपण असतं तर त्यांनी घरी बसायला हवं होतं. त्यांनी छोट्या, टोकदार, एकदम पेटणाऱ्या वाक्यांचं गाणं केलं आणि हिंदुस्थानी संगीतात त्यानंतर बरंच काही पूर्वीसारखं राहिलं नाही. कुमार हे देवधरांच्याच शाळेतले. ‘तुयाजोळ फुप्फुसं दोन आहेत नं?’ गुरुजींनी विचारलं. ‘मंग सेकंद मोजू नोको आता.’

जे जमायचं होतं ते अखेर बुधवाऱ्यातही जमलं नाही आणि गच्चीवरही नाही. परतीच्या गाडीत कुरुम गेलं, माना यायचं होतं. डबा अर्धा रिकामा, समोरची बाई झोपलेली. ती खिडकीला डोकं टेकवून मारव्याचा आलाप स्वतःपुरता घोळवत होती, कुणाला ऐकू जाऊ नये इतका हळू. रिषभावरून धैवताकडे जाताना तिला एकदम जाणवलं की आपण गातोय आणि गळ्याला त्याची खबर नाही. मान सैल, जबडा सैल, पोट हालचालीपुरतं हलतंय. घाबरून ती थांबली. पुन्हा सुरू केलं तर ते गेलेलं. मूर्तिजापूर येईपर्यंत एकदाच परत आलं, तीन-चार सेकंद. ते तीन-चार सेकंद पुरे चाळीस मिनिटं टिकायला आणखी दीड वर्ष लागलं.

शाळेतला बदल त्यामानानं लवकर झाला. वर्ग शांत करायला ती आता ओरडत नाही. तबल्यावर दादऱ्याच्या सहा मात्रा वाजवते, मुलांनी सातवीला टाळी द्यायची. पहिले चार दिवस गोंधळ, नंतर मुलांनाच तो खेळ झाला. पाण्याची बाटली टेबलावर असते. लागोपाठचे दोन तास पूर्ण गाण्याचे घेत नाही, दुसऱ्यात ऐकवते किंवा लिहायला देते. ‘पोटातून गा’ हे वाक्य वर्गातून हद्दपार आहे. त्याऐवजी ती मुलांना फुलाचा वास घ्यायला सांगते. वास घेताना कुणी खांदे उचलत नाही, श्वास आपोआप खाली उतरतो. सातवीतल्या एकानं विचारलं, ‘कोणत्या फुलाचा, बाई?’ तिनं मोगरा म्हटलं. त्यावर तो म्हणाला की त्याच्या घरी फक्त कांदे असतात. कांद्याचाही चालेल, असं ठरलं.

वर्षानं पुन्हा दुर्बीण आत गेली. एक गाठ गेलेली, दुसरी अर्ध्यावर आलेली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेचा विचार नको. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, ती तिनं शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवली आहे : आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर काढे पुरेत, घसा दाखवून घ्या. गणिताच्या सरांनी ते वाचून घसा दाखवून घेतला. त्यांच्याही स्वरतंतूंना सूज होती.

शाळेची प्रार्थना आता पूर्वीपेक्षा दोन पट्ट्या खाली होते. ती रजेवर असली की दुसरं कुणीतरी पेटीवर बसतं आणि सवयीनं वर जातं, म्हणून तिनं काळी चारवर एक लाल टिकली चिकटवली आहे. उन्हाळ्यात गोंद सुटतो, टिकली पडते. ती दुसरी लावते.